निष्ठा छापाशी की श्रमिकांशी?

गेल्या दिवाळीपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका औद्योगिक शहरात मराठी भाषिक कॉम्रेडांच्या अभ्यासवर्गास जाण्याचा योग आला. विषय महागाईचा होता. भाववाढ, अप्रत्यक्ष करांचा बोजा, साठेबाजी यांवर नेहमीप्रमाणे विवेचन झाले, आणि चहाच्या वेळी एका ज्येष्ठ महिला कॉम्रेडने अर्धवट थट्टेत प्रश्न टाकला. "आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला मोती साबणच लागतो. सासूबाईंपासूनची रीत. चार पैसे जास्त गेले तरी दुसरा साबण चालत नाही. आता तुम्हीच सांगा, कॉम्रेड, ही माझी कोणती निष्ठा म्हणायची?" सगळे हसले. 'ही सारी जाहिरातबाजीची करणी आहे' असे ठराविक उत्तर देऊन मीही मोकळा झालो. बाईंचे त्याने समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्या दिवशीचे तोकडे उत्तर येथे पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे.

भांडवली बाजारशास्त्र ज्याला 'ब्रँड लॉयल्टी' म्हणते ती हीच गोष्ट. ग्राहकाने एका छापाला धरून राहावे, भाव चढला तरी तो सोडू नये, दुकानात तो माल नसेल तर रिकाम्या हाताने परतावे पण शेजारचा डबा उचलू नये, ही त्या शास्त्राची आदर्श अवस्था होय. आपल्या चळवळीत निष्ठा हा शब्द इतका स्वस्त नाही. टाळेबंदीत महिनोन् महिने पगाराविना घर रेटणारा आणि तरीही मालकाच्या हमीपत्रावर सही न करणारा कामगार निष्ठावान म्हणवला जातो, कारण फाटकापाशी बसलेले त्याचे सोबतीही त्याच्यासाठी तेच सोसत असतात. निष्ठेला दोन टोके असतात. साबणाच्या वडीवरील निष्ठेचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

मोती हा टाटा ऑइल मिल्स कंपनीचा साबण. १९१७ साली स्थापन झालेली ही कंपनी; हमाम आणि ५०१ हे तिचे आणखी दोन प्रसिद्ध छाप. परदेशी लिव्हरच्या सनलाइट आणि लाइफबॉयसमोर हा आपल्या देशातला साबण, अशी भावना अनेक मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांत होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु १९९३ साली टाटा ऑइल मिल्स ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याचे ठरले. मक्तेदारीविरोधी कायद्यातील विलीनीकरणास आधी परवानगी घेण्याची अट १९९१ मध्येच काढून टाकण्यात आली होती. दार उघडेच होते. हिंदुस्थान लिव्हरच्या कामगार संघटनेने या विलीनीकरणाला न्यायालयात आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९९४ मध्ये न्यायालयाने विलीनीकरण कायम केले. भागधारकांनी प्रचंड बहुमताने संमती दिली होती आणि कामगारांच्या सेवाशर्ती राखण्याची हमी योजनेत होती, यावर निकालाचा भर होता.

येथे जरा थांबावयास हवे. मत कोणाला होते? भागधारकांना. जिच्या घरात वर्षानुवर्षे मोतीखेरीज पहिली आंघोळ होत नव्हती, त्या गृहिणीला कोणी विचारले नाही. ज्यांनी तो साबण घडविला त्यांचे म्हणणे न्यायालयात ऐकले गेले, पण मत त्यांनाही नव्हते. वेष्टनावरचे नाव तेच राहिले. दिवाळीची जाहिरातही पुढे येत राहिली. 'स्वदेशी' म्हणून आणलेली वडी एका रात्रीत बहुराष्ट्रीय मक्तेदार भांडवलाची झाली आणि बहुसंख्य घरांत ते कळलेही नाही. गृहिणीची निष्ठा जशीच्या तशी, जणू गोठ्यातल्या गाईसह, नव्या मालकाच्या दावणीला बांधली गेली.

अशी उदाहरणे शोधावी लागत नाहीत. १९७७ साली कोका-कोलाने देशातून गाशा गुंडाळला, तेव्हा थम्स अप हे पेय पुढे आले आणि पुष्कळांनी ते मोठ्या अभिमानाने घशाखाली उतरविले. १९९३ मध्ये परतलेल्या कोका-कोलानेच थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे छाप विकत घेतले. त्याच १९७७ साली सरकारी मालकीच्या मॉडर्न बेकरीजने 'डबल सेव्हन' नावाचे पेय काढले होते. ते टिकले नाही. पुढे ती सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच २००० साली विकून टाकण्यात आली, आणि खरेदीदार होता पुन्हा हिंदुस्थान लिव्हर! देशभक्तीची भावना बाटलीच्या झाकणाशी बांधली की झाकणाच्या मालकाबरोबर तीही विकली जाते.

याचे कारण कायद्यातच आहे. छाप ही मालमत्ता आहे. जमीन, यंत्रसामग्री यांप्रमाणे तिचे हस्तांतर होते, ती भाड्याने देता येते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने नोंदणीकृत चिन्ह धंद्याच्या नावलौकिकासह किंवा त्याशिवायही दुसऱ्याच्या नावे करता येते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कारखाना, कामगार, कृती, काहीही बरोबर न येता केवळ नाव विकले जाऊ शकते. २०२० साली हिंदुस्थान युनिलिव्हरने (कंपनीने आता हे नाव धारण केले आहे) हॉर्लिक्स हा छाप भारतापुरता आपल्या नावे करून घेण्यासाठी ३,०४५ कोटी रुपये मोजले. ही किंमत एका शब्दाची आहे. या शब्दात इतके मूल्य आले कोठून? नाभा आणि राजमहेंद्री येथील कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या ती भुकटी तयार केली, आणि लक्षावधी आयांनी पोटाला चिमटा घेऊन ती आजारी मुलांसाठी आणली. त्या मातांचा विश्वास आणि त्या कामगारांचे श्रम एकत्र आटवून जी साय निघाली तिची ही किंमत होय. विक्रीच्या रकमेत मात्र या दोघांपैकी कोणाचाही वाटा नव्हता.

आणि हे एकदाच विकून संपत नाही. दरवर्षी त्याचे भाडे वसूल होते. हिंदुस्थान युनिलिव्हर आपल्या परदेशी मूळ कंपनीला स्वामित्वशुल्क व सेवाशुल्क देते. २०१३ साली हे शुल्क उलाढालीच्या १.४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३.१५ टक्क्यांपर्यंत नेण्याचा करार झाला. २०२३ साली २.६५ टक्क्यांवरून तीन वर्षांत ३.४५ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. टक्के वाचताना क्षुल्लक वाटतात. पण कंपनीची वार्षिक उलाढाल पन्नास हजार कोटींच्या वर आहे, आणि पन्नास हजार कोटींचा एक टक्का म्हणजे पाचशे कोटी रुपये. ही रक्कम नफ्याचा वाटा म्हणून जाणाऱ्या लाभांशाहून वेगळी. जमीनदाराच्या खंडात आणि या खंडात फरक इतकाच की जमीनदाराला निदान जमीन दाखवावी लागे.

शिवडीच्या कारखान्याची आठवण येथे करणे प्राप्त आहे. लिव्हर कंपनीने १९३४ साली मुंबईत शिवडी येथे साबण तयार करण्यास सुरुवात केली. परळ-लालबागच्या गिरणगावाला लागून असलेली ही वस्ती, आणि येथील कामगार संघटना देशातील जागरूक संघटनांपैकी एक. १९८८-८९ साली व्यवस्थापनाने येथे प्रदीर्घ टाळेबंदी लादली. त्या काळात कामगारांनी एक गोष्ट केली, जिची नोंद आपल्या अभ्यासवर्गांत आवर्जून व्हावी असे मला वाटते. त्यांनी स्वतः धुण्याची पावडर तयार करून विकली, आणि तिचे नाव ठेवले 'लॉक-आउट'.

या एका नावात पुष्कळ शिकवण आहे. पावडर करण्याचे ज्ञान कोणाच्या हाती आहे, हे त्याने उघड केले. सर्फच्या डब्यात जे गुण आहेत ते डब्यावरच्या अक्षरांतून येत नाहीत, फाटकाबाहेर बसविलेल्या माणसांच्या हातांतून येतात, हे दाखविण्यासाठी व्याख्यानाची गरज उरली नाही. कपडे धुऊन ते सिद्ध होत होते. कार्ल मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात क्रयवस्तूच्या पूजेचे विश्लेषण केले आहे. माणसांमाणसांतील संबंध वस्तूंच्या संबंधांचे रूप घेतात आणि वस्तूच जिवंत, सामर्थ्यवान भासू लागते, असे ते विवेचन. नवख्या सभासदांना हे प्रकरण जड जाते. शिवडीच्या कामगारांनी त्याचे सोपे प्रात्यक्षिक करून दाखविले.

मात्र या घटनेची दुसरी बाजू लपवू नये. 'लॉक-आउट' सर्फची जागा घेऊ शकली नाही, आणि ती घेईल अशी अपेक्षाही कोणी केली नसावी. माल करण्याचे कसब कामगारांजवळ होते. पण दुकानांची फळी, वितरकांचे जाळे, जाहिरातीचा पैसा आणि गिऱ्हाइकाच्या जिभेवर बसलेले नाव, हे सारे मालकाजवळ होते. उत्पादनाच्या साधनांबरोबर हेही एक साधनच भांडवलदाराने ताब्यात घेतले आहे. आणि ग्राहकाची निष्ठा जितकी घट्ट, तितकी टाळेबंदी लांबविणे त्याला सोपे. एका कारखान्यातून माल आला नाही तर दुसऱ्या कारखान्यातून, कंत्राटी उत्पादकाकडून तोच छाप मारून आणता येतो. ग्राहकाला फरक कळत नाही. म्हणजे छापावरील आपली निष्ठा ही अशा वेळी निरुपद्रवी सवय राहत नाही. ती फाटकावर बसलेल्या कामगाराच्या विरुद्ध वजनात पडते.

यावर कोणी म्हणेल, मग मोठ्या छापाला झुगारून स्वस्त माल घ्यावा. याही उत्तराने हुरळून जाऊ नये. १९६९ साली अहमदाबादेत सुरू झालेल्या निरमाने सर्फची मिजास उतरविली, गरिबाघरी धुण्याची पावडर पोहोचविली, हे मान्यच करावयास हवे. पण ती स्वस्ताई केवळ जाहिरातीत काटकसर करून आलेली नव्हती. हाताने माल करणाऱ्या, कामगार कायद्यांचे संरक्षण फारसे न लाभलेल्या श्रमिकांच्या पाठीवर ती उभी होती. आणि काही वर्षांत निरमा हेच एक घरोघरचे नाव झाले, तिच्या जाहिरातीचे गाणे पोरांच्या तोंडी बसले. एका छापावरून दुसऱ्या छापावर उडी मारणे म्हणजे मुक्ती नव्हे, एवढे म्हणून हा मुद्दा सोडतो.

छाप जगतो आणि माणसे मरतात, याचे सर्वांत भीषण उदाहरण भोपाळचे. एव्हरेडी हे बॅटरीचे सेल एके काळी खेड्यापाड्यांतील प्रत्येक टॉर्चमध्ये असत. रात्री शेताला पाणी देणारा शेतकरी त्या नावावर विसंबून साप-विंचवाच्या वाटेने जाई. ते सेल करणारी कंपनी युनियन कार्बाइड इंडिया. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिच्या भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि झोपेतली हजारो माणसे मृत्युमुखी पडली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९४ साली अमेरिकन मूळ कंपनीने भारतीय कंपनीतील आपला ५०.९ टक्के हिस्सा विकला, आणि पुढे त्या कंपनीने नावच घेतले ते एव्हरेडीचे. कार्बाइड हे नाव गेले, एव्हरेडी हे नाव राहिले. विक्रीतील पैशाचा काही भाग न्यायालयाच्या आदेशाने भोपाळच्या रुग्णालयासाठी लागला, हे नमूद केले पाहिजे. नव्या मालकांवर वायुकांडाचा ठपका ठेवण्याचेही कारण नाही. परंतु बदनाम झालेले नाव टाकून द्यायचे आणि लोकांचे प्रेम ज्यावर आहे ते नाव पुढे चालवायचे, ही सोय कायद्याने आणि बाजाराने कशी करून ठेवली आहे, ते येथे लख्ख दिसते. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. भोपाळच्या वस्त्यांतील स्त्रिया अद्याप अर्ज घेऊन फिरत आहेत.

आता त्या महिला कॉम्रेडच्या बाजूने बोलावयास हवे, कारण तिचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. श्रमिक कुटुंब छापाला चिकटते ते केवळ भुरळ पडते म्हणून नव्हे. हातात पैसा थोडा असतो. एकदा खराब माल पदरी पडला तर पुन्हा घेण्याची ऐपत नसते. तेलात भेसळ, मसाल्यात भुकटी, औषधात खडू, हा धाक ज्याच्या डोक्यावर आहे तो ओळखीच्या नावाला धरून राहतो. ही निष्ठा नसून भीती आहे, आणि भीती खरी आहे. तिची टिंगल करणारा कार्यकर्ता लोकांपासून तुटेल.

पण या भीतीचे निवारण कोणी करावयाचे? हे काम छापाकडे सोपविले की त्याचे बिल आपल्याला भरावे लागते. औषधांच्या बाबतीत हे फार स्पष्ट झाले आहे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून मूळ औषधी नावानेच ती विकावीत, प्रारंभ तेरा औषधांपासून करावा, अशी शिफारस केली. सरकारने ती पाच औषधांवर आणली आणि तीही कंपन्यांनी न्यायालयात नेऊन अडकविली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांनी मूळ नावानेच औषध लिहून द्यावे असा नियम काढला. त्याच महिन्यात तो स्थगित झाला. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा की सर्व उत्पादकांच्या मालाची नीट तपासणीच होत नसेल, तर आम्ही कोणत्या भरवशावर लिहावे? हा आक्षेप सोयीचा असेल, पण पोकळ नाही. त्याचे उत्तर प्रयोगशाळा, निरीक्षक आणि सार्वजनिक औषधनिर्मिती हे आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९५५ पासून पेनिसिलिन तयार करून हे उत्तर अंशतः दिलेही होते. पुढे सार्वजनिक क्षेत्राला पद्धतशीरपणे खंगविण्यात आले, आणि रोगी पुन्हा नावाच्या आसऱ्याला गेला.

कोणाच्याही नफ्याशी न बांधलेल्या खुणाही आपल्याकडे आहेत. १९३७ च्या कायद्याखालील अ‍ॅगमार्क आणि भारतीय मानक संस्थेची आयएसआय खूण यांचा मालक कोणी भांडवलदार नाही. त्या विकता येत नाहीत, परदेशी कंपनीला भाड्याने देता येत नाहीत. त्यांची तपासणी ढिली पडते, त्यांचे शिक्के बनावट निघतात, या तक्रारी रास्त आहेत. त्या तक्रारी घेऊन मोर्चा काढता येतो, विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. कंपनीच्या संचालक मंडळापुढे असा मोर्चा नेला तर पहारेकरी गाठ पडतो.

एक अडचणीचा मुद्दा उरतो, आणि तो आपल्याच घरचा असल्याने टाळणे बरे नव्हे. आपलेही काही छाप आहेत. बिडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याची केरळात अंमलबजावणी होऊ लागताच एका बड्या विडी कंपनीने तेथील काम बंद केले आणि हजारो कामगार उघड्यावर पडले. त्यांतून १९६९ साली कण्णूर येथे दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. एके काळी चाळीस हजारांहून अधिक कामगार तिच्यात होते. मलबारातला श्रमिक दुकानात जाऊन दिनेशच मागे. ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने, कॉफी बोर्डाने काढून टाकलेल्या कामगारांनी १९५७ पासून उभारलेली इंडियन कॉफी हाऊसेस आपण सर्वच जाणतो. परगावी गेलेला कॉम्रेड शेजारचे चकचकीत हॉटेल सोडून तेथे शिरतो. मग ही 'ब्रँड लॉयल्टी' नव्हे काय?

दिसावयास ती तशीच आहे. तरी या निष्ठेचे दुसरे टोक दाखविता येते. दिनेश विडीच्या बंडलावर मोजलेला पैसा वळणाऱ्याच्या मजुरीत, रजेत, निवृत्तिवेतनात दिसत होता. सोलापूरची विडी कामगार स्त्री हा फरक चटकन ओळखील. तिच्या लेखी बंडलावरच्या चित्राला काही अर्थ नाही, हजार विड्यांना काय मजुरी पडते आणि किती विड्या नापास म्हणून बाजूला काढल्या जातात, हा तिचा हिशेब असतो. परंतु आपल्या छापांनाही अभय नाही. दिनेशचे कामगार पुढे काही हजारांवर आले. तंबाखूचा घातकपणा लोकांना कळू लागला आणि तो कळावा हेच योग्य होते. कामगारांची सहकारी संस्था विडी करते म्हणून विडी ओढा, असे आपण सांगू शकत नाही. संस्थेने मसाले, नारळाचे दूध, छत्र्या अशा उत्पादनांकडे वळून आपली वाट शोधली. एखाद्या सहकारी संस्थेत उद्या कंत्राटी कामगार भरून त्यांना निम्म्या मजुरीवर राबविले गेले, तर नाव जुने आणि लाल असले तरी आपली निष्ठा त्या कंत्राटी कामगारांकडे वळली पाहिजे. असे प्रसंग आपल्याला गोत्यात आणतात, आणि आपण बहुधा गप्प बसतो. माझे मत असे की गप्प बसू नये.

त्या महिला कॉम्रेडला मी पत्राने एवढेच कळविले. मोती आणायचा की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. पक्षाचा त्यावर आदेश नाही आणि नसावा. सासूबाईंची आठवण ही तुमची आहे, कंपनीची नव्हे. दिवाळीच्या पहाटेचे तेल, उटणे, दिव्याचा उजेड आणि ओवाळणारे हात हे त्या वडीच्या आधीपासून होते. वडी त्या आठवणीला बाहेरून येऊन चिकटली आहे. मात्र ज्या दिवशी साबणाच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागेल आणि युनियनचा माणूस तुमच्या दारी पत्रक घेऊन येईल, त्या दिवशी दुकानात जाण्यापूर्वी ते पत्रक वाचा. त्यांचे उत्तर आले आहे. आपल्या शहरातील साबण-कारखान्यांत कंत्राटी कामगार किती आणि त्यांना काय मिळते, याची माहिती पुढील अभ्यासवर्गाला घेऊन येते, असे त्या लिहितात. साबणाविषयी पत्रात काही नाही.